दोन बोटांची जागा

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तरांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बाकी मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. तीस वर्षं ते एकाच टेबलापाशी उभे होते. टेबलावर कापडाचे थर, थरांवर तपकिरी कागद, कागदावर खडूच्या रेघा आणि हातात वीतभर पात्याची जड कात्री. शर्टाचे सगळे तुकडे पन्ह्यात असे बसवायचे की मध्ये रुमालापुरतीही जागा उरू नये, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कापड वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. रस्त्याने जाताना कुणाच्या बाह्या उगाच लांब दिसल्या तरी ते घरी येऊन बायकोला सांगत, आणि बायको म्हणे, "असू द्या. त्याचे हात वाढतील."

ही बायकोही त्याच कारखान्यातली. खिडकीपाशी बसून ती काजं करायची, बटणं लावायची आणि हाताने तुरपाई करायची. तिचा टाका वरून दिसत नसे आणि आतून शोधावा लागे. मास्तरांनी तिला मागणी घातली ती तिला पाहून की तिची तुरपाई पाहून, यावर कारखान्यात अजूनही दोन तट होते.

एवढा हुशार माणूस, पण घरातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. मीठ कुठल्या डब्यात असतं असं कुणी विचारलं असतं, तर मास्तरांनी बायकोला हाक मारली असती. बाजार तिचा, स्वयंपाक तिचा, भावाची घासाघीस तिची. रविवारी जेवताना "आज चांगलं झालंय" असं म्हणायचं, एवढाच मास्तरांचा संसाराला हातभार. तोही ते कधी कधी विसरत.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

"गाठ साधी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण काढावी लागेल. आणि आत्ता मी काढणार नाही. अंगात रक्त नाही, वजन अडतीस किलो. टेबलावरून परत उठायला ताकद लागते. बेचाळीसवर आणा, मग या."

"किती दिवसांत?" मास्तरांनी विचारलं.

"दोन महिने. ओढून ताणून अडीच. त्यापुढे गाठ आपल्यासाठी थांबणार नाही."

औषध काय द्यायचं, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जेवण. चांगलं, रोज, पोटभर."

ऐकायला सोपं होतं. पण बायको घरी बसली म्हणजे तिचा पगारही घरी बसला. मुलगी परगावी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. तिच्या खर्चाला हात लावायचा नाही आणि तिला काही कळवायचंही नाही, ही आईची सक्त ताकीद. भाडं, मुलगी आणि तपासण्या वजा जाता आठवड्याच्या बाजाराला एक नोट उरत होती. नोट मोठी होती, पण एकच होती.

पहिल्या रविवारी मास्तर ती नोट खिशात घालून, खिशावर हात ठेवून बाजारात गेले आणि विजयी वीरासारखे परत आले. पिशवीत पाच कोबी होते. "दोनावर अर्धा फुकट देत होता," ते म्हणाले, "मी चार घेतले." उरलेल्या पैशांत तांदूळ, थोडी डाळ, आणि एका डब्यात ताकदीची पावडर. डब्यावर दंड फुगवून उभा असलेला एक पैलवान होता. त्या पैलवानाने नोटेचा चांगला पाव हिस्सा खाल्ला होता, पण बायकोसाठी मास्तरांनी मागेपुढे पाहिलं नाही.

सोमवारी कोबी झाला, मंगळवारी कोबी झाला, बुधवारी मास्तरांनी कोबी बारीक चिरून तोच वेगळा आहे असं भासवायचा प्रयत्न केला. बायकोने ताटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"अहो, शर्ट, पँट, दप्तर सगळं एकाच कापडाचं शिवता का तुम्ही?"

 बोलणं मास्तरांच्या भाषेतलं होतं, त्यामुळे थेट आत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून तपकिरी कागदाचा वाया गेलेला तुकडा आणला, स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरला आणि खडू घेऊन गुडघ्यांवर बसले. कापणीचा नियम असा की मोठे तुकडे आधी आखायचे, पाठ आणि पुढा. मग बाह्या. कॉलर आणि खिसे उरलेल्या जागेत. त्याप्रमाणे त्यांनी आधी तांदूळ, डाळ आणि पीठ आखलं. मग अंडी, वाटाणे, शेंगदाणे. मग भाज्या. लिंबू, गूळ, आलं वगैरे कोपऱ्यांत. बायको पलंगावरून उंटावरून शेळ्या हाकत होती. "वाटाणे सुके घ्या, रात्री भिजवले की दुप्पट होतात. भोपळा घ्या, आठवडाभर टिकतो. त्याच्या बिया टाकू नका, भाजा. टोमॅटो शेवटी, नाहीतर पिशवीच्या तळाशी जाऊन बसतील."

"कतरणीचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, शिळा पाव. सगळं डाळीत."

इतक्या वर्षांत तिच्या डाळीत काय काय असायचं, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं.

त्या कागदाने मास्तर बदलले. बाजाराच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशीकडे ते जाऊ लागले आणि पालकाचं पान अंगठा आणि बोटात धरून चोळून बघू लागले. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"मास्तर, पालक आहे तो. अस्तर नाही."

"आटतो का हा?" मास्तरांनी गंभीरपणे विचारलं.

"पालक आहे म्हटल्यावर आटणारच की. जुडीची वाटी होते."

मास्तरांनी ते मनात टिपून ठेवलं आणि त्या दिवसापासून ते पालेभाजी आटल्यानंतरच्या मापाने घेऊ लागले. तडा गेलेली अंडी कुठे स्वस्त मिळतात, जास्त पिकलेली केळी दुपारनंतर कोण काढून टाकतं, कुठल्या दुकानात डाळीचा चुरा वेगळा विकतात, हे सगळं त्यांना महिन्याभरात पाठ झालं. मावशीला त्यांचं कौतुक वाटायचं, फक्त पिशवीतला तो पैलवानाचा डबा दिसला की ती चिडायची. "एवढ्यात माझ्याकडचे शेंगदाणे महिनाभर पुरतील, मास्तर. हा माणूस ती पावडर खाऊन असा झालाय असं वाटतं का तुम्हाला?" मास्तर हसून डबा पिशवीत खाली सारायचे. बायकोच्या जिवाचा प्रश्न होता; तिथे त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

आता कापड तेवढंच असताना एक तुकडा मोठा कापला, तर दुसरा लहान होणार, हे मास्तरांना कुणी शिकवायला नको होतं. लहान झालेला तुकडा त्यांचा स्वतःचा होता. अंडं तिचं, दूध तिचं, शेंगदाण्याचं कूट तिचं, आठवड्याचं एक सफरचंद तिचं. सकाळी डाळीचा घट्ट भाग तिच्यासाठी काढून ठेवायचा, उरलेल्यात पाणी ओतून ते आपल्या डब्यात भरायचं, वर पावाच्या दोन कडा, की झालं. ती विचारायची, "तुम्ही काय खाता?" "कारखान्यात हल्ली चहाबरोबर पोटभर खायला देतात," मास्तर सांगायचे. त्या कारखान्याचा मालक चहासुद्धा मोजून द्यायचा, हे बायकोला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. ती काही बोलली नाही म्हणून मास्तरांना वाटलं, थाप पचली.

पोटाला चिमटा घेतला की पँट सैल होते. ही अडचण कुणाला लपवता येणार नाही, पण शिंप्याला येते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं बघून मास्तरांनी पँटीची मागची शिवण उसवली आणि इंचभर आत घेतली. दोन आठवड्यांनी पुन्हा. कमरेत दोन बोटं जावीत, ना कमी ना जास्त, हा त्यांचा नवशिक्यांना सांगायचा पहिला धडा. पँट पुन्हा दोन बोटांवर आली आणि मास्तर निश्चिंत झाले.

गंमत म्हणजे याच दिवसांत त्यांच्या हाताला चव आली. सुरुवातीला त्यांची डाळ म्हणजे पिवळं पाणी असायचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून ती दाट लागू लागली, पोटात बसू लागली. शेजारी जेवायला बसणाऱ्या इस्त्रीवाल्याने एकदा त्यात पावाचा तुकडा बुडवून बघितला.

"मास्तर, आधी तुमची डाळ नुसती दिसायची. आता लागतेही."

"मंद आच," मास्तर म्हणाले. "घाई करायची नाही. तुझ्या बायकोला सांग." आणि त्यांनी त्याला सविस्तर कृती सांगितली.

दर रविवारी, बाजाराला जाण्याआधी, माप. घरात वजनाचा काटा नव्हता, पण टेप होती आणि माणसाचं अंग वाचणारे हात होते. रक्त कमी झाल्यापासून बायकोला सारखी थंडी वाजायची, म्हणून ती दिवसभर पूर्ण बाह्यांचं एक सुती जाकीट घालून असायची, मास्तरांनीच शिवलेलं. ते जाकिटावरूनच तिच्या दंडाला टेप लावायचे आणि कापडाचा पाव इंच वजा करायचे. शाळाशाळांत जाऊन मापंही मास्तरच घेत, पण त्यांनी आयुष्यात कुणाचंच माप उघड्या अंगावर घेतलं नव्हतं. गिऱ्हाइकाला संकोच होऊ द्यायचा नाही, कपड्यावरून घ्यायचं आणि मनात वजा करायचं, ही त्यांची रीत होती, आणि बायकोचं मापही ते त्याच अदबीने घेत. पहिल्या रविवारी आठ इंच. मग सव्वाआठ. साडेआठ. मग भराभर पावणेनऊ, नऊ, सव्वानऊ. प्रत्येक आकडा ते कागदाच्या कडेला खडूने लिहायचे आणि बायकोला दाखवायचे.

"भरतेय हं तू," ते म्हणायचे.

"भरतेय ना? मग आता तुम्ही पण एक अंडं खा."

"बेचाळीस झाले की खाईन."

सातव्या आठवड्यात ते तिला घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा दंड साडेनऊ झाला होता. मास्तरांनी मनाशी हिशेब करून बेचाळीस किलो ठरवूनही टाकले होते. ऑपरेशनची तारीख कुठली मागायची याचा ते विचार करत होते. नर्सने जाकीट काढायला सांगितलं, बायकोने ते काढून मास्तरांच्या हातात दिलं आणि काट्यावर उभी राहिली.

साडेएकोणचाळीस.

"तुमचा काटा अडकतोय," मास्तर म्हणाले.

नर्स स्वतः चढून उतरली. काटा अडकत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी भुवया आक्रसल्या. मास्तर खिशातून टेप काढत म्हणाले, "बाई, मी तीस वर्षं मापं घेतोय. यांचा दंड साडेनऊ आहे." आणि त्यांनी टेप लावली. बायकोच्या उघड्या दंडाला लागायची ती पहिलीच वेळ. साडेआठ. त्यांनी टेप सोडून पुन्हा लावली. साडेआठच.

मग त्यांच्या हातांनी जे केलं ते सवयीने केलं. हातात कपडा आला आणि काही जुळेनासं झालं की शिंपी तो उलटा करून बघतो. मास्तरांनी जाकिटाची बाही उलटी केली. आत, दंडाच्या उंचीवर, कापडाच्या पट्ट्या होत्या. एकावर एक, चार. शाळेच्या गणवेशाच्या कतरणीतून कापलेल्या, आणि अशा टाक्याने बसवलेल्या की बाहेरून संशयही येऊ नये. तो टाका कुणाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती भिंतीवरचा, डोळे तपासायचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होती.

"तीन आठवडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पट्ट्या बघितल्या होत्या आणि त्यांना हसायचं की रागवायचं ते ठरवता येत नव्हतं. "तीन आठवड्यांत बेचाळीस. त्यापुढे मी हमी देत नाही. आणि तुमच्या पिशवीतून डोकावतोय तो पावडरचा डबा बंद करा. तेवढ्या पैशांत अंडी आणि शेंगदाणे आणा."

बाहेर बाकावर दोघं बसली. मास्तर बराच वेळ टेप गुंडाळत राहिले.

"कधीपासून?"

"चौथ्या रविवारपासून."

"का?"

 बायकोने हात लांब करून त्यांच्या पँटीच्या कमरेत घातला. दोनदा आत घेतलेली पँट, तरी तिची अख्खी मूठ आत गेली.

"दोन बोटं ना?" ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला. ही मूठ बघा. आणि निळ्या पँटीला काळा दोरा लावलात. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतंत. घाई होती म्हणून लावलात, कुणी बघायला नको म्हणून. मी काजवाली आहे, मला दोरा दिसणार नाही?"

"अगं पण मग तुझं खाणं? कूट, अंडी? वाटी तर रिकामी असायची."

"तुमच्या डब्यात. तुम्ही आंघोळीला गेलात की मी उठायची. पिवळा बलक डाळीत कालवला की कळत नाही."

मास्तरांना इस्त्रीवाला आठवला. त्याला सांगितलेली कृतीही आठवली. त्यांना हसू आलं, आणि त्या हसण्यातून भलतंच काहीतरी बाहेर येईल असं वाटून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"तुला कळतंय का," ते मग म्हणाले, आणि आवाज चढलाच, "बाई काय म्हणाल्या? टेबलावरून परत उठायला ताकद लागते. तू उठली नाहीस तर? मी काय करायचं? मला ते येत नाही. डाळ आली मला, ते नाही येणार."

"आणि मी उठून घरी आले आणि तुम्हीच आडवे झालेले असलात, तर मला येणार आहे का ते?"

 समोरून लोक जात होते, येत होते. बायकोने जाकीट घातलं, मास्तरांनी तिला उठायला हात दिला. दोघंही एकाच चोरीत सापडलेली, त्यामुळे कुणी कुणाला बोलायची सोय उरली नव्हती.

घरी आल्यावर ती पलंगावर टेकली नाही. "कागद आणा," म्हणाली. तपकिरी कागद फरशीवर पसरला गेला, आणि ती त्याच्याशेजारी खाली बसली. खडूच्या जुन्या रेघा तिने फडक्याने पुसल्या.

"तुम्ही कापड उलगडून कापताय. एक तुकडा माझा, एक तुमचा. मग ओढाओढ होणारच. शर्टाची पाठ कशी कापता?"

"दुमडून."

"का?"

"दोन्ही बाजू सारख्या निघतात." बोलता बोलता मास्तर थांबले. त्यांनी खडू उचलला, कागद मधोमध दुमडला आणि अर्ध्यावरच आखायला सुरुवात केली.

तिच्यासाठी वेगळं आणि त्यांच्यासाठी वेगळं, हे बंद. पैलवानाचा डबा गेला, एकुलतं एक सफरचंद गेलं, आणि कागदावर इतकी जागा मोकळी झाली की मास्तर चाट पडले. तिथे अंडी आली, दोघांनाही. शेंगदाणे आले, गूळ आला, दूध थोडं जास्त आलं. एकच पातेलं, त्यात डाळ, तांदूळ, भोपळा, पालेभाजी, वर कूट, अशी दाट की पळी उभी राहावी. आणि ताटही एकच. मोठं, काठाचं, एरवी तांदूळ निवडायला वापरायचं. त्यात वाढायचं, समोरासमोर बसायचं, आणि तू एक घास, मी एक घास. कुणी मागे राहिलं की समोरच्याने हात आखडायचा. पहिले दोन दिवस हे जेवण दोन शत्रू राजे तह करायला बसावेत तसं झालं. तिसऱ्या दिवसापासून गप्पा सुरू झाल्या. डब्याची भानगडच नको म्हणून मास्तर दुपारी घरी येऊ लागले; कारखाना घरापासून सात मिनिटांवर होता, आणि हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

मावशीला पिशवीत डबा दिसला नाही तेव्हा तिने विचारलं, "पैलवान गेला?"

"गेला."

"बरं झालं." तिने मूठभर शेंगदाणे जास्त टाकले आणि मास्तर नको म्हणायच्या आत तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी माप घ्यायची वेळ आली. मास्तर टेप घेऊन उभे राहिले, आणि नेहमीप्रमाणे जाकिटाकडे वळले.

"बाही वर करते," बायको म्हणाली.

तिने बाही खांद्यापर्यंत गुंडाळली.  दंड किती बारीक होता हे त्यांना आकड्यात माहीत होतं, हाताला आत्ता कळत होतं. त्यांनी दोन्ही तळव्यांत तो दंड धरला आणि तसेच उभे राहिले.

"किती आहे?" तिने विचारलं.

"थांब जरा."

ती थांबली. मग त्यांनी टेप लावली. पावणेनऊ, काही न वजा करता. मग तिने टेप घेतली आणि म्हणाली, "आता तुमचा." मास्तरांनीही मुकाट्याने बाही वर केली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काट्यावर ती उभी राहिली तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत होते. नर्स म्हणाली, "बेचाळीसला दोनशे ग्रॅम कमी." मास्तरांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद वाचला, एकदा, दोनदा, आणि म्हणाल्या, "रक्त चांगलं भरलंय. दोनशे ग्रॅमला मी अडवत नाही. गुरुवारी भरती व्हा." दारापर्यंत जाऊन मास्तर परत आले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण आठवेना, तेव्हा "शेंगदाणे स्वस्तही पडतात, बाई," एवढंच म्हणून ते गेले.

आता मुलीला कळवावंच लागलं. ती पहिल्या गाडीने आली आणि आधी दोघांवर यथेच्छ चिडली. मग तो तपकिरी कागद बघितला, जाकिटाच्या आतल्या पट्ट्या बघितल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. बराच वेळ नळ चालू होता.

बुधवारी दुपारी बायकोने मास्तरांची निळी पँट मांडीवर घेतली. काळा दोरा एकेक टाका करून उसवला. घडीत पूर्वीचं कापड तसंच होतं; मास्तर शिंपी होते, त्यांनी कापून टाकलं नव्हतं. तिने शिवण अर्धी बाहेर काढली, त्यांच्या अंगावर लावून बघितली, आणि निळ्या दोऱ्याने शिवली.

"सगळी काढ की बाहेर," मास्तर म्हणाले.

"अजून तेवढे भरला नाहीत. खोटं माप नको."

गुरुवारी तिला आत नेलं. मास्तर बाहेरच्या लांब बाकावर बसले. दुपार झाली तेव्हा मुलीने डबा उघडून पुढे केला.  आत जाताना, चाकांच्या खाटेवरून, बायकोने जे सांगितलं होतं ते एवढंच होतं: "जेवा वेळेवर." म्हणून ते जेवले. अर्धा डबा त्यांनी समोर बाजूला काढून ठेवला. सवय झाली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, तिला आज खायला देणार नाहीत. सगळा तुमचाच आहे." त्यांनी उरलेलाही खाल्ला. चव कळली नाही, पण संपवला.

संध्याकाळी त्यांना आत सोडलं. नाकात नळी, हाताला सुई, चेहरा पांढरा. मास्तर खाटेला लागून उभे राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. नर्सने सांगितलं होतं, सगळं नीट झालंय, शुद्धीवर येतीलच. तरी त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांना ते तिच्याकडून ऐकायचं होतं.

तिचे डोळे थोडे उघडले. ओठ हलले, शब्द आला नाही. चादरीखालून सुई नसलेला हात बाहेर आला आणि चाचपडू लागला. तिला धरायला हात हवाय असं मास्तरांना वाटलं, म्हणून त्यांनी आपला पुढे केला. तो तिने हळूच बाजूला सारला. तिचा हात त्यांच्या कमरेपर्यंत आला, निळ्या पँटीच्या पट्ट्यात शिरला. एक बोट. दोन. तिसरं घालून बघितलं, ते गेलं नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि झोपी गेली.